ऑपेरा हाऊस आपलेही


मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस म्हणजे साहेबाची हौस, मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध काय, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. कल्पना नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन व कोळशाचे दलाल जहांगीर कराका यांची आणि 1911 मध्ये अपुऱ्या इमारतीचे उद्घाटन केले पंचम जॉर्जने, हे खरेच. पण उद्घाटक म्हणजे वारसदार नव्हे. त्याच रंगमंचावर बालगंधर्व गायले, दीनानाथ मंगेशकर गायले. दीनानाथांची सासुरवाडी तर आपल्या खानदेशातले थाळनेर! निव्वळ ऑपेरावर ते थिएटर जगलेही नाही. पुढे तिथे सिनेमा आला, 1952 मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले आणि 1993 मध्ये पडदा पडला.

खासगी वास्तूचे कौतुक आपण का करावे, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे. मात्र मालकांनीच वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून जीर्णोद्धार करवून 2016 मध्ये ती पुन्हा उघडली. मालकी खासगी असली तरी इतिहास सामायिक असतो. तेव्हा मराठी नाट्यसंस्थांनी तिथे संगीत नाटकाचे प्रयोग आवर्जून लावावेत.

— एक वाचक, धरणगाव