सर्व्हरची किल्ली कोणाच्या खिशात?

वेबसाइट बनवणाऱ्या डेव्हलपरला कंपनीच्या सर्व्हरवर अ‍ॅडमिनचे अधिकार द्यावेत की नाही, हा वाद आयटी कंपन्यांत वर्षानुवर्षे चालू आहे. डेव्हलपर म्हणतात, अधिकाराशिवाय काम होत नाही. सर्व्हर सांभाळणारे म्हणतात, अधिकार दिले की एक दिवस सर्व्हर बसलाच म्हणून समजा. आम्ही संगणकशास्त्राचे नव्हे, समाजशास्त्राचे विद्यार्थी. पण हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्या तरुण-तरुणींशी आमचा नेहमीचा संबंध आहे. त्यांचे म्हणणे ऐकल्यावर आमचे स्पष्ट मत झाले आहे की, हा वाद यंत्राचा कमी आणि अधिकार व जबाबदारी यांच्या वाटणीचा जास्त आहे.

आधी डेव्हलपरची बाजू पाहू. लॅपटॉपवर नीट चाललेला कोड सर्व्हरवर गेला की बंद पडतो. कारण अनेकदा क्षुल्लक असते. पीएचपीचे एखादे एक्स्टेन्शन बसवलेले नसते, एखाद्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसते. पण ते कळायला एरर लॉग उघडून पाहावा लागतो आणि तो पाहण्याचाही अधिकार नसतो. मग तिकीट टाकायचे आणि दोन दिवस वाट पाहायची. दरम्यान ग्राहकाचा फोन येतो, मॅनेजर चिडतो. बोलणी डेव्हलपरने खायची, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात!

अशा कोंडीतून सुरक्षा निपजते का? मुळीच नाही. कोणीतरी वैतागून रूटचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि तो दहा जणांकडे पोहोचतो. परवानगीची कटकट नको म्हणून फोल्डरला थेट ७७७ लावले जाते, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कोणालाही त्यात काहीही लिहिता येते. कागदावर अधिकार कोणालाच नसतात, प्रत्यक्षात सगळ्यांनाच असतात. जो नियम पाळून काम करणेच अशक्य होते, तो नियम लोकांना चोरवाट शिकवतो.

आता दुसरी बाजू. लिनक्सवर रूट म्हणजे अमर्याद सत्ता. काहीही पुसा, यंत्र 'का?' म्हणून विचारत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत हेच झाले. एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत डेटाबेसची अडचण सोडवत होता. दुय्यम सर्व्हरवरचे फोल्डर पुसायचे म्हणून त्याने आदेश दिला, पण तो मुख्य सर्व्हरवर चालला. चूक लक्षात येऊन त्याने आदेश थांबवला, तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. पुढे कळले की, बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी सहज घेऊन ठेवलेली एक प्रत होती, म्हणून बाकीचे वाचले.

हा माणूस अडाणी नव्हता आणि अधिकारही त्याला रीतसर दिलेले होते. म्हणजे 'हुशार माणसाला अधिकार द्या, झाले' हे उत्तर पुरे पडत नाही. कंपनीने आपल्या जाहीर अहवालात त्याचे नाव न देता दोष व्यवस्थेत शोधला, ही गोष्ट आपल्याकडच्या मॅनेजर मंडळींनी विशेष लक्षात घ्यावी. आपल्याकडे अशा वेळी आधी 'कोणी केले?' हे विचारले जाते. 'होऊ कसे शकले?' हे विचारायला कोणाला वेळ नसतो.

१९७५ साली साल्टझर आणि श्रोडर यांनी संगणक सुरक्षेचे एक तत्त्व मांडले : प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच, कमीत कमी अधिकार असावेत. अधिकार नाकारणारे या तत्त्वाचा अर्धाच भाग वाचतात. 'कमीत कमी' त्यांना दिसते, 'कामापुरते' दिसत नाही. कामाला लागतात त्यापेक्षा कमी अधिकार देणे हाही या तत्त्वाचा भंगच आहे.

मॅक्स वेबरने नोकरशाहीचे विवेचन करताना सांगितले की, आधुनिक व्यवस्थेत अधिकार व्यक्तीचा नसतो, पदाचा असतो. तो नियमांनी बांधलेला आणि लेखी असतो. दहा जणांत फिरणारा रूटचा पासवर्ड याच्या नेमका उलट आहे. तो अधिकार अमर्याद आहे आणि निनावीही आहे. यावरचा उपाय, सुडो हा छोटा प्रोग्राम, १९८० च्या सुमारास तयार झाला. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने यायचे, ठरवून दिलेलेच आदेश चालवायचे आणि त्याची नोंद राहायची.

ही नोंद आपल्याकडे आता ऐच्छिक राहिलेली नाही. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. पण दहाही जण 'रूट' म्हणूनच आत येत असतील, तर ते लॉग जपून दोषी कोण आणि निर्दोष कोण हे ठरणार कसे? अशा वेळी संशय सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यावर जातो. आपले निर्दोषत्व सिद्ध करायला त्याच्याजवळ काहीच नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे :

१. चाचणीच्या सर्व्हरवर डेव्हलपरला पूर्ण अधिकार द्या. तिथे मोडतोड झाली तरी ग्राहकाचे काही जात नाही.

२. लाइव्ह सर्व्हरचे लॉग वाचण्याचा अधिकार त्याला कायम हवा. त्यातली ग्राहकांची खासगी माहिती झाकून ठेवा, पण बिघाड पाहू द्या.

३. लाइव्ह सर्व्हरवर हाताने बदल कोणीच करू नयेत. बदल गिटमधून, दुसऱ्याने तपासल्यावर जावेत. आणीबाणीत लागणारा अधिकार स्वतःच्या नावाने, काही तासांपुरता मिळावा आणि आपोआप संपावा.

४. ज्याला अधिकार नाही, त्याच्यावर सर्व्हरच्या बिघाडाचे खापर फोडू नये.

'आमची कंपनी लहान, हे परवडत नाही' ही सबब आम्हाला मान्य नाही. सुडो फुकट आहे, गिट फुकट आहे. दोनच माणसांच्या कंपनीतही दोन वेगळी खाती काढता येतात आणि बॅकअप खरोखर परत उभा राहतो का, हे महिन्यातून एकदा तपासता येते.

अधिकार मागणाऱ्या डेव्हलपरला जरूर विचारा : तुझ्या हातून डेटा पुसला गेला तर तो परत कसा आणशील? पण अधिकार राखून बसलेल्यालाही तितक्याच ठामपणे विचारा : रात्री दोन वाजता साइट बंद पडली, तर फोन तू उचलणार का?