ऑफ-रोडिंग करायचंय? मग आधी हळू चालवायला शिका!

पावसाळा आला की आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टी हमखास उगवतात. एक भिंतीवरची बुरशी आणि दुसरी ऑफ-रोडिंगचे प्लॅन्स! कुणाच्या तरी काकांची जीप मिळणार असते, डिझेलची वर्गणी निघते आणि ठिकाणही ठरलेलं असतं... कासकडचा एखादा सडा. मी मूळची साताऱ्याची, शिकायला सांगलीत, आणि गाड्यांचं वेड मलाही आहे. म्हणूनच या प्लॅनबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा भाषेची खिचडी गोड मानून घ्या.

ऑफ-रोडिंग म्हणजे चिखल उडवत सुसाट जाणं, हा समज जाहिरातींनी करून दिलाय. हौशी लोकांची ट्रायल बहुतेक वेळा वेगाची नसतेच. चढ, खड्डे, दगड अशा जागेत खांबांच्या जोड्या रोवून वाट आखतात. त्यातून गाडी काढायची. खांबाला लागली किंवा मध्येच अडकली की दंडाचे गुण. ज्याचे दंड कमी, तो जिंकला. म्हणजे इथे मनगटाचा जोर नाही, आपलं कुठलं चाक कुठे आहे याचं भान लागतं. 'मुलींना काय जमणार' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं!

आता थोडं इंजिनिअरिंग. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. त्याचा अर्थ माळावर कळतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला टॉर्क लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. मग कितीही रेस करा, चाक नुसतं गरगरणार. यावरचा उपाय बघायचा असेल तर सीझनमध्ये वाळवा-पलूसकडे उसाच्या फडावर जा. काळ्या रानातून भरलेली ट्रॉली काढताना ट्रॅक्टरवाला लो गिअर टाकतो, पायाने डिफरन्शियल लॉक दाबतो, रेस एकसारखी ठेवतो आणि वळायच्या आधी लॉक सोडतो. ट्रायलचा यापेक्षा चांगला क्लास फुकटात कुठे मिळणार?

'पण त्याला महागडी गाडी लागते' हे दुसरं रडगाणं. आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, साधारण साठ हजार रुपयांत, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळालीसुद्धा. मात्र ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं. गाडीचं मूळ स्पेसिफिकेशन बदलता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा मोठे टायर आणि उंच सस्पेन्शनच्या नादी लागू नका. फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज असलेली जुनी, धड जीप शिकायला पुरते.

आता सड्याबद्दल. कास २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, आणि सगळी फुलं त्यावर. पावसात भिजलेल्या त्या थरावरून एकदा चाक गरगरलं की माती निघून जाते आणि खाली खडकच उरतो. आपला पाच मिनिटांचा फोटो, आणि तिथली फुलं कायमची गेली! ही मर्दुमकी नाही, ही नासधूस आहे.

मग सुरुवात कुठे करायची? मालकाची परवानगी घेऊन, पैसे देऊन, एखाद्या पडीक रानात. तोडणी झालेलं उसाचं रान मात्र नको. तिथे खोडवा फुटत असतो. आधी चालत जाऊन वाट बघा. सीटबेल्ट हवाच. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका; चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मोडतो. अडकलेली गाडी ओढताना पट्टा चॅसीच्या हुकाला लावा, बंपरला नाही, आणि पट्ट्याच्या आसपास कुणीही उभं राहू नका.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. बाजा एसएई इंडिया २००७ पासून होतेय. त्यात चार तासांची एन्ड्युरन्स असते. आपली मुलं गाडी बनवण्यात महिनेच्या महिने घालवतात, चालवण्याचा सराव मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. वर्षातून एक दिवस कॉलेजनेच अशी ट्रायल घ्यावी. पावसाळ्याआधी, परवानगीच्या रानात, तुमच्या देखरेखीखाली. नुसतं 'सड्यावर जाऊ नका' म्हणून पोरं ऐकणार नाहीत. त्यांना जायला दुसरी जागा दिली, तर नक्की ऐकतील.