विटांवर कोरलेली साक्ष

ज्या वास्तूत लेकरांच्या पिढ्यामागून पिढ्या पोळल्या, ती राखावी की जमीनदोस्त करावी, या प्रश्नाचा विचार करताना कॅनडातील ब्रँटफर्ड गावची मोहॉक इन्स्टिट्यूटची इमारत अवश्य ध्यानात घ्यावी. न्यू इंग्लंड कंपनी या इंग्लंडातील मिशनरी संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही शाळा काढली. 1903 साली तिची तत्कालीन इमारत आगीत भस्मसात झाली, आणि 1904 साली उभारलेल्या आजच्या लाल विटांच्या इमारतीत 1970 पर्यंत मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून ठेवली जात.

स्वभाषा बोलणे हा तेथे गुन्हा होता, अर्धा दिवस शेतावर वा कपडे धुण्यात जाई, आणि नित्याच्या बेचव लापशीवरून मुलांनीच शाळेला ‘मश होल’ असे नाव पाडले होते. आवारात सफरचंदांची बाग होती. मात्र फळाला हात लावणाऱ्याच्या वाट्याला मार येई.

2013 साली छपराच्या गळतीने इमारतीची दुर्दशा झाली, तेव्हा ती ठेवावी की पाडावी असा कौल तेथील सिक्स नेशन्स या मूळ रहिवाशांच्या समाजाकडून घेण्यात आला, आणि ज्यांनी तेथे छळ सोसला त्यांच्यासह जवळजवळ सर्वांनी ती राखावी असेच सांगितले. त्यासाठी निघालेल्या मोहिमेचे नावच ‘पुरावा वाचवा’ असे होते. त्यात मोठे शहाणपण आहे, कारण शाळेचे दफ्तर लिहिले ते मुख्याध्यापकांनी आणि सरकारी अंमलदारांनी, तर मुलांनी स्वहस्ते लिहिलेले जे थोडेफार उरले, त्यात मागील भिंतीच्या विटांवर कोरलेली त्यांची नावे येतात. ती भिंत पडली असती, तर एका पक्षाचीच कैफियत शिल्लक राहिली असती.

उलटपक्षी, ब्रिटिश कोलंबियातील ॲलर्ट बे येथील सेंट मायकेल्स ही अशीच शाळा 2015 साली पाडण्यात आली, तेव्हा दूरदूरहून आलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी तिच्यावर दगड भिरकावून मनातला संताप मोकळा केला. वरवर पाहणाऱ्यास हे दोन निर्णय परस्परविरुद्ध वाटतील. परंतु दोन्हींत मुखत्यारी दुःख भोगणाऱ्यांच्या समाजाकडे होती, आणि माझ्या मते न्यायाचा कस याच एका गोष्टीवर लागतो.

कॅनडाच्या पंतप्रधानांनी 2008 साली या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली, त्यांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधक आयोगाने 2015 साली आपला अहवाल पुरा केला आणि सुमारे दीड लक्ष मुले अशा शाळांतून गेल्याचे जगाला कळले. तथापि, माफीचे शब्द उच्चारल्याने ऋण फिटत नाही. ज्या सरकारने आणि ज्या धर्मसंस्थांनी या शाळा चालविल्या, त्यांनी जतनाचा किंवा पाडकामाचा खर्च बिनतक्रार सोसावा, आपली दफ्तरे आडपडदा न ठेवता खुली करावीत, आणि वास्तूचे पुढे काय करावे हे ठरविण्याचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवू नये.