नक्कल, बनावट आणि घडण : एकबारी रायफलींच्या प्रतिकृतींची बाजू

१/
इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक निकाल फार सहज दिला जातो : जुनी वस्तू म्हणजे इतिहास आणि नवी प्रतिकृती म्हणजे खेळणे. संग्रहालयातील गंजलेल्या नळीपुढे हात जोडायचे आणि त्याच मापांनी आज घडवलेल्या रायफलीकडे पाहून नाक मुरडायचे, अशी रीतच पडली आहे. हा धागा त्या निकालाविरुद्ध आहे. दाखला एकाच घराण्याचा : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या एकबारी नेमबाजी रायफली आणि त्यांच्या आजच्या प्रतिकृती.

२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी 'नक्कल' या शब्दाचा तिटकारा शोभत नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या कितीतरी बखरी मूळ हस्ताक्षरात नव्हे, तर नंतरच्या लेखनिकांनी उतरवलेल्या नकलांतूनच आज वाचायला मिळतात. त्या नकला कोणी फेकून देत नाही. त्यांतील पाठभेद तपासले जातात, लेखनिकाच्या चुका शोधल्या जातात आणि मग त्यांच्यावर विश्वास ठेवला जातो. कागदाला जी शिस्त लागू होते ती पोलादाला लागू करायला हरकत कसली?

३/
आधी वस्तूची ओळख. एकबारी रायफल म्हणजे दर बाराला हाताने एक काडतूस भरावे लागणारी रायफल. १८४८ मध्ये ख्रिश्चन शार्प्स यांनी जी रचना पेटंट केली तिच्यात नळीचे मागचे तोंड एका जाड पोलादी ठोकळ्याने बंद होते. चापाभोवतीचे कडे हीच तरफ. ती खाली ओढली की ठोकळा आपल्या खाचेतून सरळ खाली सरकतो, काडतूस आत जाते, तरफ वर घेतली की तोंड बंद. रेमिंग्टनच्या 'रोलिंग ब्लॉक' रायफलीत ठोकळा सरकत नाही, मागे फिरतो. बार उडताना घोडाच त्याच्याखाली येऊन त्याला टेकू देतो. सुटे भाग मोजके आणि मजबुती विलक्षण.

४/
या रायफलींची परीक्षा झाली ती न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, क्रीडमूर येथे. तेथील नेमबाजी मैदान १८७३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडमधील विम्बल्डनला एल्को ढाल जिंकलेल्या आयर्लंडच्या संघाने अमेरिकनांना आव्हान दिले. २६ सप्टेंबर १८७४ रोजी सहा विरुद्ध सहा असा सामना झाला. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश नेमबाजांच्या हाती रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या. अमेरिकनांकडे मागून भरायच्या : तिघांकडे रेमिंग्टन, तिघांकडे शार्प्स.

५/
निकाल : अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. शेवटचा बार कर्नल जॉन बोडाइन यांचा होता. त्याआधी अमेरिका एका गुणाने मागे होती आणि बाटली फुटून बोडाइन यांचा हात कापलेला होता. त्यांनी चार गुणांचा मध्य साधला. पण दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ९०० यार्डांवर मिल्नर या आयरिश नेमबाजाने अचूक मध्य टिपला, मात्र शेजारच्या लक्ष्यावर. शून्य गुण. ते चार गुण मिळाले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते.

६/
तरीही लोकप्रिय इतिहासात या सामन्याचे सार एका वाक्यात सांगितले जाते : नव्या तंत्राने ठासणीच्या रायफलीला हरवले. तीन गुणांचा फरक आणि चुकीच्या लक्ष्यावर गेलेली एक गोळी यांवर एवढा मोठा सिद्धान्त उभा राहतो का? उत्तर केवळ कागद वाचून मिळत नाही. त्या जातीच्या रायफली पुन्हा हाती घ्याव्या लागतात. प्रतिकृतींचे महत्त्व येथून सुरू होते.

७/
कारण मूळ परंपरा तुटली होती. अनेक बारांच्या रायफली आणि धूरविरहित दारू आली, तशी एकबारी नेमबाजी मागे पडली. शार्प्सचा कारखाना १८८१ मध्ये बंद झाला. जॉन ब्राउनिंग यांची रचना विकत घेऊन विंचेस्टरने काढलेली १८८५ ची एकबारी रायफल १९२० च्या सुमारास थांबली. क्रीडमूरच्या मैदानावर राज्याचे मनोरुग्णालय उभे राहिले. वस्तू उरल्या, पण त्या घडवणारे आणि वापरणारे हात गेले.

८/
पुनरुज्जीवन आले ते अनपेक्षित वाटेने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीचे वेध लागले होते. व्हॅल फॉर्जेट या अमेरिकी व्यापाऱ्याने जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती घडवून घेण्यासाठी इटलीतील ब्रेशियाजवळची गार्दोने व्हाल त्रोंपियाची दरी गाठली. बंदुका घडवणे हा तेथील शतकानुशतकांचा धंदा. बेरेटा घराण्याचा तेथील लेखी उल्लेख १५२६ चा आहे. याच दरीत १९५७ मध्ये पेदेरसोली आणि १९५९ मध्ये उबेर्ती हे कारखाने सुरू झाले. पुढे शार्प्स, रोलिंग ब्लॉक आणि १८८५ ची विंचेस्टर यांच्या प्रतिकृती येथूनच जगभर गेल्या.

९/
अमेरिकेतही काम सुरू झाले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेली शायलो शार्प्स ही कंपनी पुढे मोंटाना राज्यातील बिग टिंबर या छोट्या गावी गेली. १९९० च्या 'क्विगली डाउन अंडर' या चित्रपटातील रायफली तिनेच घडवल्या. जपानमधील मिरोकू कंपनीने ब्राउनिंगच्या नावाने १८८५ च्या रचनेची नवी रूपे काढली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कारागिरी विसाव्या शतकात इटली, मोंटाना आणि जपान येथे पुन्हा शिकली गेली, हा स्वतःच एक इतिहास आहे.

१०/
आता घडण. शार्प्सचा ठोकळा त्याच्या खाचेत असा बसावा लागतो की तरफेच्या एका ओढीत तो तेलावर सरकल्यासारखा उतरला पाहिजे, पण बंद झाल्यावर हलता कामा नये. ढिला बसला तर मागे वायू गळतो. घट्ट बसला तर काळ्या दारूच्या काजळीने दहा-वीस बारांतच अडकतो. यंत्र माप जवळपास आणून देते. शेवटचा हात कानस आणि घासदगडाचा, म्हणजे माणसाचाच.

११/
चौकटीवर निळे, करडे, तपकिरी ढग उमटलेले दिसतात. ती नक्षी नव्हे. पोलाद हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत तापवतात आणि एकदम पाण्यात बुडवतात. पृष्ठभाग कठीण होतो, गाभा चिवट राहतो आणि रंग हे त्या क्रियेचे उपउत्पादन असते. दोन चौकटींचे ढग कधीही सारखे येत नाहीत. स्वस्त प्रतिकृतींत हेच रंग रसायनांनी आणले जातात. दोन्हींतील फरक ओळखणे म्हणजे वस्तू वाचायला शिकणे.

१२/
मागची साइट ही तर वेगळीच विद्या. दस्त्याच्या मानेवर उभ्या राहणाऱ्या पट्टीवर व्हर्नियर मापणी असते. इंचाच्या हजारांश भागांत ती वरखाली करता येते. शाळेतल्या प्रयोगशाळेत कंटाळा आणणारे तेच व्हर्नियर. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, पाचशे ग्रेनहून जड शिशाची गोळी पोहोचायला सुमारे तीन सेकंद लागतात. तेवढ्यात ती खाली पडत असते आणि वारा तिला कित्येक फूट ढकलतो. मापणीतील लहानशी चूकही तेथे लक्ष्य चुकवते.

१३/
या प्रतिकृती चालवणाऱ्यांनी जे पुन्हा शोधले ते पुस्तकी नव्हते. काळी दारू जळल्यावर नळीत कडक काजळी धरते आणि पुढची गोळी भरकटते. उपाय? नळीत तोंडाने वाफ फुंकायची. चुलीजवळच्या फुंकणीसारखी एक नळी मागच्या तोंडाला लावतात, दोन-चार संथ श्वास सोडतात, ओलाव्याने काजळी मऊ होते. किंवा दर बारानंतर ओल्या चिंधीने नळी पुसतात. शिशात कथील किती, गोळीला कागद गुंडाळायचा की तेलकट वंगण लावायचे, हे सारे प्रश्न पुन्हा जिवंत झाले.

१४/
दुसरे उदाहरण. काही जुन्या क्रीडमूर रायफलींच्या दस्त्याच्या टोकाशी, खांद्याजवळ, साइट बसवण्याची जागा दिसते. काचेच्या पेटीबाहेर उभे राहून ती विचित्र वाटते. पण त्या काळचे काही नेमबाज पाठीवर झोपून, पाय लक्ष्याकडे करून, नळी पायांवर टेकवून बार काढत. त्या स्थितीत डोळा नेमका तेथे येतो. प्रतिकृती घेऊन एकदा तसे झोपले की त्या जागेचे कारण अंगालाच कळते.

१५/
आणि क्रीडमूरच्या त्या सिद्धान्ताचे काय? पेदेरसोली ठासणीच्या गिब्ज रायफलीचीही प्रतिकृती बनवते आणि ती आजही हजार यार्डांच्या स्पर्धांत मानाने उतरते. चांगली नळी, एकसारख्या गोळ्या आणि बारागणिक स्वच्छता असेल, तर नळी कोणत्या टोकाने भरली हा प्रश्न अचूकतेसाठी दुय्यम ठरतो. मागून भरण्याचा खरा फायदा वेग आणि सोय. 'नव्याने जुन्याला हरवले' या सोप्या कथेला प्रतिकृतीनेच छेद दिला.

१६/
पहिला आक्षेप : 'हे तर संगणकी यंत्रांचे काम, यात कारागिरी कुठे?' आक्षेप घेणाऱ्यांना मूळ रायफल हातानेच घडली असे वाटते. ती घडली नव्हती. शार्प्सच्या सुरुवातीच्या रायफली व्हरमाँटमधील रॉबिन्स अँड लॉरेन्स या कारखान्यात बनल्या, आणि तो कारखाना यंत्रांनी बनवलेल्या, अदलाबदल करता येणाऱ्या सुट्या भागांसाठीच प्रसिद्ध होता. इंग्लंडच्या एन्फील्ड शस्त्रागाराने त्याच्याकडून यंत्रे विकत घेतली. यंत्र आणि हात यांची भागीदारी तेव्हाही होती. आज फक्त यंत्र बदलले आहे.

१७/
दुसरा आक्षेप खरा आहे : पोलाद वेगळे आहे. आजची मिश्रपोलादे जुन्यांपेक्षा बळकट आहेत, काही प्रतिकृतींत मूळ रचनेत नसलेल्या सुरक्षा-योजना आहेत. म्हणून जुन्या धातुविद्येचा पुरावा म्हणून प्रतिकृती चालणार नाही. पण हे तिला नाकारण्याचे कारण नव्हे, नीट वाचण्याचे कारण आहे. यंत्रणा, तोल, नेम धरण्याची रीत यांबद्दल ती साक्ष देते, धातूबद्दल देत नाही. प्रत्येक साधनाची साक्ष अशीच मर्यादित असते.

१८/
तिसरा आक्षेप कोणी घेत नाही आणि तोच सर्वांत गंभीर आहे. यांतल्या कितीतरी प्रतिकृती 'बफेलो रायफल' म्हणून विकल्या जातात. १८७० च्या दशकात कातड्यांच्या व्यापारासाठी बायसनांचे कळप संपवणाऱ्यांच्या हाती शार्प्स होती. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी मोजणी केली तेव्हा अवघे हजारभर बायसन उरले होते. लकोटा, शायेन, कोमांची, कायोवा या लोकांचे अन्न, वस्त्र आणि निवारा त्या प्राण्यावर उभे होते. हा संहार साहसकथा करून विकणे ही इतिहासाशी बेइमानी आहे. घडणीचे कौतुक करणाऱ्याने हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. चारशे पावलांवरची ती अचूकता ज्याने प्रत्यक्ष पाहिली, त्याला तो संहार इतक्या थोड्या वर्षांत कसा उरकला हे अधिक नीट कळते.

१९/
मग बनावट कोणती? जी नवी असून जुनी असल्याचे सोंग घेते ती. आम्लाने गंजवलेली, मुद्दाम घासलेली, कारखान्याचे नाव खरवडून काढलेली. प्रामाणिक प्रतिकृती याच्या नेमकी उलट वागते. इटलीच्या रायफलीवर निर्मात्याचे नाव असते, गार्दोनेच्या सरकारमान्य चाचणीगृहाचा शिक्का असतो, वर्षाची सांकेतिक खूण असते. 'मी अमुक साली, अमुक ठिकाणी घडले' असे ती स्वतःच सांगते. जन्मतारीख कपाळावर कोरून फिरणाऱ्या वस्तूला खोटे म्हणणे हाच खोटेपणा आहे.

२०/
शेवटी हिशेब सरळ आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मूळ रायफलीतून प्रत्येक बार काढताना ती थोडी झिजते आणि एखादा चुकीचा बार तिला कायमची संपवतो. प्रतिकृती तो भार आपल्यावर घेते, म्हणून मूळ वस्तू पेटीत सुखरूप राहते. पेटीतील रायफल कशी दिसत होती ते सांगते, प्रतिकृती ती कशी वागत होती ते. दोन्ही साक्षी नोंदवल्याशिवाय निकाल देणाऱ्याने इतिहासकार म्हणवून घेऊ नये.