आधी माणसं, मग आराखडा

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या जुन्या भागात भर पावसातही छत्रीविना हिंडता येतं. घरांचे वरचे मजले कमानींवर पुढे आलेले आणि त्याखालून फरसबंद वाट. जागा बहुधा घरमालकाची, वहिवाट मात्र सगळ्या गावाची. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशकं या शहराने कम्युनिस्ट महापौर निवडून दिले. त्यांनी जुनी वस्ती पाडून टॉवर उभारले नाहीत. घरं वाचवायची आणि त्यांत राहणारा कामगारही तिथेच ठेवायचा, असं ठरवलं.

त्यासाठीची मोठी योजना १९७३ची. वास्तुरचनाकार पिअर लुइजी चेर्वेल्लाती तिचे प्रमुख शिल्पकार. सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा शहराबाहेरच्या नव्या वसाहतींऐवजी जुन्या गल्ल्यांतल्या पडक्या घरांकडे वळवायचा होता. दुरुस्ती सुरू असताना भाडेकरूने जवळच्याच तात्पुरत्या घरात राहायचं, काम संपलं की परत यायचं.

पण योजनेत घरं सक्तीने संपादित करण्याचीही तरतूद होती. त्यामुळे छोटे घरमालक बिथरले.

सत्ता भक्कम होती, योजना रेटून नेण्याचा मोह होऊ शकला असता. पालिकेने सक्तीचा आग्रह सोडला आणि करार पुढे केला: दुरुस्तीला अनुदान आम्ही देतो, तुम्ही जुना भाडेकरू ठेवा आणि भाडं ठरलेल्या मर्यादेत घ्या. याला कुणी माघार म्हणेल. प्रत्यक्षात मूळ हेतू शाबूत राहिला आणि विरोधाची धार बोथट झाली. साठच्या दशकातच स्थापन झालेल्या विभाग समित्यांमुळे अशा प्रश्नांवर लोकांशी बोलायला हक्काची जागाही होती.

वाहतुकीतही तोच क्रम दिसतो. १९७३मध्ये गर्दीच्या वेळी बसप्रवास मोफत झाला. शहराच्या मध्यभागी खासगी मोटारींना मज्जाव करावा का, हा प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला तो १९८४मध्ये. सुमारे ७० टक्के मतदारांनी होकार दिला. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. नियम मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्यांची नजर २००५मध्ये आली. तरीही निर्णयामागे जनतेचा स्पष्ट कौल होता, म्हणून तो टिकला.

शहरं माणसांसाठी नव्याने घडवू पाहणाऱ्या डाव्या पक्षांनी बोलोन्याची ही रीत उचलावी. आराखडा पक्का होण्याआधी वस्तीत न्यावा, भाडेकरूला परतीची लेखी हमी द्यावी आणि मोटारींवर बंधन घालण्याआधी परवडणारी बस दारात आणावी.