केळ्यावरची माशी

पिकल्या केळ्यावरची इवली माशी आपण सहज हाकलतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॅन्सी बोनिनी व सहकाऱ्यांनी १९९८ साली, माणसाचा चालताना तोल घालविणाऱ्या एका आनुवंशिक मज्जाविकाराच्या सदोष जनुकाचा अंश अशा माशीच्या डोळ्यात सक्रिय केला. सुमारे आठशे घटकांचा तो रेखीव डोळा झडू लागला. पेशींत प्रथिनाच्या गाठी साठल्या. पुढील वर्षी त्यांनी प्रथिनांची घडी सांभाळणारे एक साहाय्यक प्रथिन तिथे वाढविले. गाठी तशाच राहिल्या, डोळा मात्र बचावला! हिशेबातील चूक जिथे दिसते तिथेच झालेली नसते, हे बँकेत अनेकदा पाहिले होते. माणसासाठी औषध अद्याप व्हायचे आहे. माशी चतुरिंद्रिय जीव. तिचे असे मरण वाचताना माझे मन आजही निःशंक नाही.