ताटकळण्याचेही पैसे द्या

इथं अमेरिकेत ट्रकचालकाला 14 तासांच्या पाळीत 11 तासच गाडी चालवता येते. 8 तास चालवल्यावर अर्धा तास थांबायचं, पुढच्या पाळीआधी सलग 10 तास विश्रांती घ्यायची. डिसेंबर 2017 पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांत याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवतं. नियम चांगलेच आहेत. पण अनेकांना पगार मैलावर मिळतो. गोदामाच्या दारात माल उतरायची वाट बघत चार तास गेले, तरी पाळीचं घड्याळ चालूच राहतं आणि हाती फारसं काही पडत नाही. मग उरलेल्या वेळात मैल भरून काढायला गाडी दामटली जाते. ताटकळण्याचाही मोबदला कायद्यानंच ठरवून द्यायला हवा. उद्याच पार्सल हवं म्हणणाऱ्या आपणही ही मागणी लावून धरू या.